सोमवारचा सत्कार

महालक्ष्म्यांच्या आरतीत मी हसले, आणि त्या संध्याकाळपासून आमच्या घरात मी वेडी, उद्धट किंवा नास्तिक यांपैकी काहीतरी ठरले. नेमकं काय, यावर मात्र घरात एकमत होत नव्हतं.

हसले म्हणजे गालातल्या गालात नव्हे. खो खो. मुखवट्यांना नुकतंच नवं कुंकू लावलेलं, वर फुलोरा टांगलेला, आंबिलीपासून पुरणापर्यंत सगळा नैवेद्य वाढून तयार, आणि घरभर पाहुणे. सासूबाईंनी तबक उचललं, पहिल्या ओळीला सगळ्यांनी टाळ्या धरल्या आणि माझ्या तोंडातून हसू फुटलं. ते थांबेचना. डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं, आणि मी हसतच होते. आरती अर्धवट थांबली.

“काहून हासून राहिली वं?” सासूबाई तबक हातात धरूनच म्हणाल्या. “देवीपुढे दात काढतेस? काय पाहिलं एवढं हासण्यासारखं?”

मी स्वयंपाकघरात पळाले आणि ओट्याला धरून उभी राहिले. टाळ्या थांबल्या तसं हसूही थांबलं. माझा नवरा तुषार मागोमाग आला. त्याला राग यावा की काळजी वाटावी हे कळत नव्हतं, म्हणून तो नुसताच पाण्याचा ग्लास घेऊन उभा होता.

आता हे हसू आलं कुठून ते सांगते. ज्यांना ऐकून गंमत वाटेल त्यांनी आत्ताच हसून घ्यावं, पुढे सवड मिळणार नाही.

मी नागपूरला मिहान उद्योगनगरीतल्या ‘सन्मुख’ नावाच्या कंपनीत होते. फोनवरचं सगळं बोलणं यंत्रांच्या हाती गेलं त्यालाही बराच काळ लोटला होता. यंत्रं गोड बोलत, कधी थकत नसत, आणि लोकांना त्यांचा वीट आला होता. तेव्हा मोठ्या विमा कंपन्यांनी एक टूम काढली: जास्त हप्ता भरणाऱ्याला बोलायला खराखुरा माणूस मिळेल. ती खरीखुरी माणसं म्हणजे आम्ही. विमा बंद करायला निघालेल्या गिऱ्हाइकाशी मायेनं बोलायचं आणि त्याला थांबवायचं, हे आमचं काम. आमचा प्रत्येक शब्द एक यंत्र ऐकायचं. आवाजात किती जिव्हाळा आहे ते मोजायचं आणि त्यावरून आमचे क्रमांक लावायचं. माणूस पुरेसा माणूस आहे की नाही हे यंत्रानं ठरवायचं, असा तो कारभार होता.

आठवडाभरात जो सगळ्यात खाली जाई त्याचा सोमवारी सकाळी सत्कार व्हायचा. सत्कारच म्हणायचे. कल्पना आमचे विभागप्रमुख हर्षल मुधोळकर यांची. छोटंसं व्यासपीठ, खांद्यावर शाल, हातात नारळ. हर्षल सर अगदी वाचनालयाच्या वर्धापनदिनाला शोभेल अशा आवाजात म्हणायचे, “आता आपण आजच्या सत्कारमूर्तींचा परिचय करून घेऊ.” परिचय म्हणजे त्या आठवड्यातल्या आपल्या सगळ्यात फसलेल्या फोनचं ध्वनिमुद्रण. आपण अडखळलो, गिऱ्हाइकानं शिवी घातली, आपला आवाज रडवेला झाला, ते सगळं मोठ्या आवाजात. मग टाळ्या. सगळ्यांनी वाजवायच्या, मीही दुसऱ्यांसाठी वाजवत होते, न वाजवणाऱ्याचा पुढच्या सोमवारी नंबर लागायचा. आणि टाळ्या कधी थांबायच्या? सत्कारमूर्ती हसली की. खोटं हसून भागत नसे. तेच यंत्र आमचं हसू तपासायचं. हसू मनापासूनचं आहे असं त्याला वाटलं की भिंतीवर हिरवा दिवा लागायचा, तोवर टाळ्या चालू. एकदा मी इतका वेळ उभी होते की वाजवणाऱ्यांचे हात लाल झाले होते.

शाल एकच होती. ती कधी धुतल्याचं मला आठवत नाही.

यात कुणी कुणाला मारलं नाही. कुणी शिवी दिली नाही, अंगाला बोट लावलं नाही. विचारायला गेलं की उत्तर तयार असे, “अहो खेळीमेळीचं वातावरण आहे, मनाला काय लावून घेता?” मी ती नोकरी सोडली आणि मला वाटलं, सुटले. महालक्ष्म्यांच्या आरतीत कळलं की नोकरी सुटली होती, मी सुटले नव्हते.

*

मी मेडिकलला, म्हणजे नागपूरच्या मोठ्या सरकारी दवाखान्यात, दाखवायला गेले तिथं डॉक्टर संघमित्रा फुलझेले होत्या. मनाला झालेला घाव पडद्यावर दाखवणारं ‘घावचित्र’ ज्यांनी उभं केलं त्यांतल्या त्या एक. बाई बोलायला फटकळ, पण समजावून सांगायला लागल्या की मांडी घालून बसायच्या. माझ्याबरोबर सासूबाई आल्या होत्या, सून खरंच आजारी आहे की ढोंग करतेय हे स्वतः बघायला. डॉक्टरांनी त्यांनाच समोर बसवलं.

“आजी, मेंदूत आत बदामाएवढा एक भाग असतो. धोका दिसला की तो बोंब मारतो. त्याच्याच शेजारी दुसरा भाग असतो, तो नोंद ठेवतो की हे कुठं झालं, कधी झालं. एकदाच भीती वाटली तर दोघं मिळून काम करतात. कुत्रा चावला, गेल्या वर्षी चावला, अमक्या गल्लीत चावला. पण तीच भीती दर आठवड्याला, महिनोन् महिने बसत राहिली, तर ताणाचं जे रसायन रक्तात उतरतं त्यानं नोंद ठेवणारा भाग झिजतो. बोंब मारणारा मात्र आणखी तगडा होतो. मग मेंदूला ‘ते तेव्हा झालं होतं’ हे कळेनासं होतं. खूण दिसली की त्याच्या लेखी ते आत्ताच चालू असतं.”

“म्हणजे टाळी वाजली का हिले वाटते का हे हापिसातच हाय?” सासूबाईंनी विचारलं.

“बरोबर. आणि तिथं सुटकेचा एकच रस्ता होता, हसणं. म्हणून ती हसते. तुम्ही आम्ही चटका बसल्यावर हात मागं घेतो ना, तसं.”

मग त्यांनी माझ्या डोक्यावर हेल्मेटसारखं एक यंत्र बसवलं. मेंदूच्या पेशी एकमेकींशी बोलतात तेव्हा अगदी क्षीण चुंबकीय लहरी उठतात, त्या हे यंत्र टिपतं. कानांत वेगवेगळे आवाज सोडतात: कुकरची शिट्टी, भांडं पडल्याचा आवाज, कुत्र्याचं भुंकणं, टाळ्या. आपल्याला आवाज ऐकू आल्याचं भान येण्याआधीच मेंदूचा तो बदाम उत्तर देऊन मोकळा झालेला असतो. त्यामुळे तिथं नाटक करायला वावच नाही. कुठल्या आवाजाला किती उत्तर आलं ते पडद्यावर रंगात उमटतं आणि घाव कुठून आला तेही कळतं. कुकरला माझा पडदा निळा राहिला. टाळ्यांना लालभडक झाला, आणि मी हेल्मेटमध्ये खदाखदा हसत होते.

सासूबाई पडद्याकडे बघत राहिल्या. घरी आल्यावर संध्याकाळी देवापाशी दिवा लावताना जुई, माझी मुलगी, सवयीनं टाळ्या वाजवायला लागली तर तिचे हात त्यांनी हळूच धरले. “नको बाई, नुसते हात जोड.”

मला गहिवरून वगैरे आलं नाही. मला संताप आला. माझ्या घरातल्या देवापुढच्या टाळ्या त्या हर्षल मुधोळकरनं नेल्या होत्या.

*

घावचित्रामुळे तोवर कायदाही आला होता. कामाच्या ठिकाणी झालेला मनाचा घाव हा हात तुटण्याइतकाच खरा घाव, असं त्यात स्पष्ट म्हटलं होतं. मी न्यायाधिकरणाकडे तक्रार केली. माझी मागणी एकच होती: हा घाव सत्कारानं झाला असं ठरवा आणि सत्कार बंद करा. कारण मी बाहेर पडले तरी दर सोमवारी त्या शालीखाली कुणीतरी उभं होतंच. कायद्यात एक अट होती. घावचित्र सुनावणीच्या दिवशी, न्यायाधिकरणासमोरच काढायचं. आधीचं चालत नसे, कारण आधीच्या चित्रात फेरफार करता येतो असं म्हणत.

त्या अटीत कंपनीला पळवाट सापडली.

घावाचा उपचारही निघाला होता. त्याचं तत्त्व सोपं आहे. आठवण एकदा साठवली म्हणजे कायमची घट्ट झाली असं नसतं. ती पुन्हा आठवली की थोडा वेळ ती सैल होते आणि मेंदू तिला नव्यानं बांधून ठेवतो. त्या मधल्या वेळात विशिष्ट औषध दिलं तर भीतीची गाठ पुन्हा बसत नाही. काय झालं ते माणसाला सगळं आठवतं, फक्त त्यातली भीती गळून पडते. थोड्या बैठकांत घावचित्र निळंशार. सरकारी दवाखान्यातही हा उपचार मिळायचा, पण मोठी रांग होती. आमच्यापैकी काहींनी तक्रारी केल्याबरोबर ‘सन्मुख’नं जाहीर केलं की आजी-माजी सगळ्या कर्मचाऱ्यांना हा उपचार कंपनी ताबडतोब आणि मोफत देणार. पेपरात कौतुक छापून आलं. आणि दुसरीकडे कंपनीचे वकील सबाने सुनावणी पुढे पुढे ढकलत राहिले. कधी कागद यायचे होते, कधी त्यांची तब्येत बरी नव्हती.

लोक थकले. झोप नाही, घरात भांडणं, दारात मोफत उपचार. एकेक जण गेला, बरा झाला आणि त्याची तक्रार आपोआप निकालात निघाली, कारण दाखवायला घावच उरला नाही. शेवटी एकटी मी राहिले.

“जखम त्यांनी करायची, औषध त्यांनी द्यायचं, आणि पुरावा औषधाबरोबर पुसून टाकायचा,” मी डॉक्टर फुलझेलेंना म्हणाले. “तुम्ही लोकांनी हे यंत्र काढलं कशाला?”

“हाच प्रश्न मी स्वतःला रोज विचारते,” त्या म्हणाल्या. “पण खोटं सांगणार नाही, प्रणिता. उपचार चांगला आहे. आणि तू जितकी थांबशील तितका घाव खोल जाईल.”

*

जुईच्या शाळेचं स्नेहसंमेलन होतं. मी जाणार नव्हते. पण “आई, तू पहिल्या रांगेत बस” असं तिनं इतक्या वेळा बजावलं की मी कानांत बोळे घालून गेले. नाटकात तिला चिमणीचं काम होतं. मध्येच ती वाक्य विसरली. ओठ थरथरायला लागले, आणि प्रेक्षकांनी, भल्या माणसांनी, तिला धीर द्यायला टाळ्या वाजवल्या. सभागृहभर टाळ्या. बोळ्यांनी काय होणार? मी पहिल्या रांगेत बसून मोठमोठ्यानं हसले. माझी मुलगी रंगमंचावरून माझ्याकडे बघत होती.

घरी आल्यावर बूट काढता काढता ती म्हणाली, “तू मला हसलीस ना?”

“नाही गं राणी. ते आजारपणाचं हसू आहे. आजीनं सांगितलंय ना तुला?”

“सगळे टाळ्या वाजवत होते. तू एकटीच हसत होतीस.” आणि ती आजीच्या खोलीत झोपायला गेली. त्यानंतर तिनं मला शाळेतलं काही सांगणंच बंद केलं. काही चांगलं झालं की ती आजीला सांगायची, मग बाबाला, आणि मी खोलीत आले की गप्प व्हायची.

तुषार त्या दिवसापर्यंत माझ्या बाजूनं होता. त्या दिवशी त्याचाही बांध फुटला.

“उपचार आहे, फुकट आहे, सगळे घेऊन राहिले. तू एकटीच काहून अडून बसलीस?”

“घेतला की केस संपते.”

“संपू दे ना मग! पोरीपेक्षा मोठी आहे का केस? ती तुला घाबरून राहिली, प्रणिता. स्वतःच्या आईला घाबरून राहिली!”

“मला दिसत नाही का ते?” मी ओरडले. “चूक त्यांची, आणि दुरुस्त व्हायचं मी? मी निळी होऊन घरी बसू आणि तो हर्षल तिथं सोमवारी सोमवारी शाल पांघरवत राहू दे?”

“जगाचा ठेका घेतला का तू?”

मी त्याच्यावर धावूनच गेले असते. पण तो चुकीचं बोलत नव्हता, आणि त्याचाच मला जास्त राग येत होता. शेवटी आमचं ठरलं. येत्या तारखेला सुनावणी झाली तर ठीक. ती पुन्हा ढकलली गेली तर दुसऱ्या दिवशी मी उपचाराला जायचं, केस गेली तरी. तुषार म्हणाला, “जुईची शपथ घे.” मी घेतली.

*

तारखेच्या आधी शलाका घरी आली. शलाका माझ्या शेजारच्या टेबलावर बसायची. आमच्यात सगळ्यात जास्त सत्कार तिचे झाले. रविवारी दुपारपासून तिला उलट्या सुरू व्हायच्या. एकदा तर व्यासपीठावर ती इतकी हसली की खाली बसून तिनं शालीतच तोंड खुपसलं आणि तरी दिवा लागेना. मी नोकरी सोडली त्याच्या दुसऱ्याच आठवड्यात तिनंही सोडली. आता ती गुबगुबीत झाली होती, केस कापले होते, हातात कोथिंबिरीच्या सांबारवड्यांचा डबा.

“जुई कुठे आहे? मावशी आली म्हणावं!”

ती जुईशी खेळली, सासूबाईंशी गप्पा मारल्या, चार वड्या खाल्ल्या. तिच्याकडे बघून मला हेवा वाटला, खोटं कशाला बोलू. मग ती म्हणाली, “प्रणिता, घेऊन टाक ना गं उपचार. मी तर म्हणते आपण उगाच बाऊ केला. मला सगळं आठवतं हं. पण आता आठवलं की वाटतं, टाळ्याच तर होत्या.”

“टाळ्याच तर होत्या?”

“हो ना. कंपनीच्या वकिलांनी विचारलं, साक्षीला याल का, खरं तेच सांगा. मी म्हटलं येईन. आमच्यातले बरेच जण येऊन राहिलेत.”

तिनं हे लबाडीनं सांगितलं असतं तर मी तिला घराबाहेर काढलं असतं. पण ती मनापासून बोलत होती. ती गेल्यावर मी डॉक्टरांना फोन लावला आणि सगळं सांगितलं.

“असं होतं,” डॉक्टर म्हणाल्या. “एखादी गोष्ट किती मोठी होती हे मेंदू भीतीवरून ठरवतो. भीती काढली की आठवण हलकी वाटते. ती खोटं बोलत नाहीये. तिला ते खरंच हलकं वाटतंय.”

म्हणजे कंपनीनं नुसता पुरावाच पुसला नव्हता, तर स्वतःच्या बाजूचे साक्षीदारही तयार केले होते, आणि तेही प्रामाणिक.

*

सुनावणी झाली. सबाने वकिलांनी पुन्हा मुदत मागितली, पण न्यायाधिकरणाच्या अध्यक्षबाई म्हणाल्या की आता पुरे. माझे वकील माझ्या शेजारी होते; सासूबाई, तुषार आणि डॉक्टर फुलझेले मागच्या बाकावर. समोर हर्षल मुधोळकर, नवा कोट, हातावर हात ठेवून. त्याला बघताच माझ्या तळव्यांना घाम फुटला.

हेल्मेट घातलं. कुकर, निळं. कुत्रा, निळं. भांडं, निळं. टाळ्या लागल्या आणि भर न्यायाधिकरणात मी हसायला लागले. पडदा लाल. मी हसतेय, तोंडातून लाळ गळतेय, आणि तो हर्षल वकिलाच्या कानाशी लागून म्हणाला, “पाहा, किती खळखळून हसून राहिल्या.” तो हळू बोलला, पण मला ऐकू गेलं. माझ्या हातात त्या वेळी नारळ असता तर आज मी हे सांगायला मोकळी नसते.

सबाने उठले. त्यांनी घाव नाकारला नाही. हुशार माणूस. म्हणाले, “घाव असेलही. पण उपचार उपलब्ध असताना, मोफत असताना, तक्रारदार बाई तो घेत नाहीत. जखम कुणी का केली असेना, ती उघडी कुणी ठेवली? ज्यांनी उपचार घेतला ते आज आनंदात आहेत, आणि त्यांची काही तक्रार नाही. म्हणजे मूळ प्रकारच किरकोळ होता.”

“लोकाच्या घराले आग लावाची अन् वरून पाणी फुकट वाटाचं!” मागून सासूबाईंचा आवाज आला. अध्यक्षबाईंनी त्यांना गप्प बसवलं. पण खुद्द अध्यक्षबाईंच्याही तोंडाचा एक कोपरा हललेला मी पाहिला.

पहिली साक्षीदार शलाका. ती शांतपणे उभी राहिली. वकिलांनी विचारलं, सत्कार व्हायचे का? व्हायचे. आज तुम्हाला त्याचा काही त्रास? काही नाही. त्या वेळच्या प्रकाराबद्दल काय वाटतं? “टाळ्याच तर होत्या,” शलाका म्हणाली. सबाने समाधानानं खाली बसले.

अध्यक्षबाईंनी मला विचारलं, “तुम्हाला काही विचारायचं आहे?” माझ्या वकिलांनी मान हलवली, नको म्हणून. मी उठले. शलाकाच्या सुंदर, तब्येतदार, निर्धास्त चेहऱ्याचा मला इतका राग आला होता की भीतीवर मात करून तो राग बाहेर आला.

“शलाका, आमच्या जुईला उद्या त्या व्यासपीठावर उभी करशील? शाल घालून? ती हसेपर्यंत टाळ्या वाजवशील?”

“प्रश्न असंबद्ध आहे,” सबाने म्हणाले.

शलाकानं तिकडे लक्ष दिलं नाही. ती विचार करत होती. प्रश्नच तिला कुणी असा विचारला नव्हता. तिला सगळं आठवत होतं, एकेक गोष्ट, आणि आता त्या जागी ती जुईला उभी करून बघत होती. हळूहळू तिचा चेहरा बदलला.

“नाही,” ती म्हणाली. “काहून करेन? लेकरू आहे ती.” आणि मग, “पण मला काहून उभं केलं होतं?”

“साक्ष संपली आहे,” सबाने उभे राहिले.

“संपली नाही,” शलाका म्हणाली. तिनं हर्षलकडे मान वळवली. आम्ही कुणीही त्या माणसाच्या डोळ्यांत कधी बघितलं नव्हतं. ती बघत होती, चष्म्याच्या दुकानात काचा तपासाव्या तितक्या सहज. “हर्षल सर, माझी आई गेली त्याच्या नंतरच्या आठवड्यात माझे फोन बिघडले होते. तुम्हाला माहीत होतं. मी रजा मागितली होती, तुम्ही दिली नाही. त्या सोमवारी तुम्ही मला वर घेतलं. परिचयात ती क्लिप लावली, मी फोनवर रडले होते ती. आणि दिवा लागत नव्हता तेव्हा तुम्ही म्हणालात, आईची एखादी गमतीची आठवण काढा म्हणजे हसू येईल. मी काढली. मी हसले. तेव्हा दिवा लागला.”

हे मला ठाऊक नव्हतं. मी तेव्हा आजारी होते, घरी होते. शलाका एवढ्या दिवसांत हे कुणालाच बोलली नव्हती. बोलणार कशी? तोंड उघडलं की तिला उलटी व्हायची.

आता तिला काही होत नव्हतं. कुठल्या सोमवारी कोण उभं होतं, कोण चक्कर येऊन पडलं आणि त्याला खुर्चीत बसवून टाळ्या पुढे कशा चालू ठेवल्या, सगळं ती सरळ सांगत गेली, बाजारातून काय काय आणलं ते सांगावं तसं. मी जन्मात असं सांगू शकले नसते. सबाने दोनदा उठले. अध्यक्षबाईंनी दोनदा त्यांना बसवलं आणि स्वतः लिहून घेत राहिल्या. हर्षल मुधोळकर खाली बघत होता.

“तुम्हाला आता राग आलाय का?” अध्यक्षबाईंनी तिला विचारलं.

शलाका जरा गोंधळली. “हो,” ती म्हणाली. “आत्ताच आला. एवढी भीती वाटायची ना तेव्हा, की राग यायला जागाच नव्हती, बाई.”

मी मागे वळून डॉक्टर फुलझेलेंकडे पाहिलं. त्या डोळे पुसत होत्या आणि एकीकडे दात-ओठ खात होत्या. माझं चित्र नोंदलं गेलं होतं, ते आता कुणी पुसू शकत नव्हतं. “रांग किती का असेना, उद्या सकाळी मी येते,” मी त्यांना बाकावरूनच म्हणाले. त्यांनी मान हलवली. तुषारनं माझा दंड घट्ट धरला. मला घरी जाऊन जुईला सांगायचं होतं की थोडे दिवस थांब, मग तू पहिल्या रांगेत मला बसवशील तिथं मी बसेन.

अध्यक्षबाईंनी तिथल्या तिथे हुकूम दिला: निकाल लागेपर्यंत सत्कार बंद. सबाने घाईनं म्हणाले की बाकीच्या साक्षीदारांची आता आवश्यकता नाही, कंपनी त्यांना मागे घेत आहे.

“तुम्हीच बोलावलंत ना त्यांना?” अध्यक्षबाई म्हणाल्या. “आलेत तर येऊ द्या आत. तक्रारदार बाईंना हवं तर त्या हाच प्रश्न त्यांनाही विचारतील.”

दार उघडलं. बाहेरच्या बाकांवर माझे जुने सोबती बसले होते. ज्यांना मी शालीखाली पांढरं पडताना पाहिलं होतं, लिफ्टमध्ये रडताना पाहिलं होतं, हर्षलची चाहूल लागली तरी बोलता बोलता गप्प होताना पाहिलं होतं. नाव पुकारलं तसे ते एकेक करून आत आले, ताठ मानेनं, थेट हर्षल मुधोळकरच्या समोरून. माझे तळवे अजून घामेजलेले होते. त्यांच्यापैकी एकालाही त्या माणसाची भीती वाटत नव्हती, आणि ती भीती काढून द्यायचा सगळा खर्च कंपनीनंच केला होता.